खानदेशातील मजुराचा जमाखर्च कोण मांडणार?

रावेर तालुक्यात केळीचे घड वाहणाऱ्या किंवा साक्री तालुक्यातून ऊसतोडीला जाणाऱ्या पाच माणसांच्या एखाद्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न किती, असा साधा प्रश्न विचारला तर त्याचे एक उत्तर मिळत नाही. शिधापत्रिकेसाठी भरलेल्या अर्जावर एक आकडा असतो. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी काढलेल्या उत्पन्नाच्या दाखल्यावर दुसरा असतो. आठवड्याच्या हप्त्याने कर्ज देणाऱ्या कंपनीच्या कागदावर तिसरा असतो. पहिले दोन आकडे मर्यादेत बसावेत म्हणून आखडलेले, तर तिसरा कर्ज मंजूर व्हावे म्हणून ताणलेला. कुटुंब तेच, घर तेच, वर्षही तेच. त्या घरात खरोखर किती पैसे आले आणि ते कोठे गेले, हे मात्र यांपैकी एकाही कागदावरून कळत नाही.

याचा दोष त्या कुटुंबाला देण्याचे कारण नाही. ज्या आकड्यावर धान्य अवलंबून असते तो आकडा धान्य मिळेल असाच सांगितला जाणार. दोष आहे तो अशा आकड्यांना गरिबीचे मोजमाप मानण्याच्या सवयीत. जळगाव आणि धुळे या जिल्ह्यांत गरिबी वाढली की घटली, मजुराचा संसार सावरला की कर्जात रुतला, याविषयी व्यासपीठांवरून ठामपणे बोलले जाते. त्या ठामपणाला आधार देणारी सांख्यिकी मात्र या भूमीत फारशी निर्माण झालेली नाही, आणि जी होती तीही काळाबरोबर निरुपयोगी होत गेली.

शिधापत्रिकेचे गणित

प्रथम सर्वांच्या परिचयाचा आकडा घ्यावा. महाराष्ट्रात १ मे १९९९ पासून तिरंगी शिधापत्रिका आल्या. पिवळ्या पत्रिकेसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा १५ हजार रुपये होती. पाच माणसांच्या कुटुंबात ती दरमहा दरडोई २५० रुपये भरते. पुढे २०१३ चा अन्नसुरक्षा कायदा झाला, २०१४ मध्ये राज्यात त्याची अंमलबजावणी सुरू झाली आणि प्राधान्य गटासाठी ग्रामीण भागात ४४ हजार व शहरी भागात ५९ हजार रुपये ही मर्यादा ठरली. त्याच पाच माणसांच्या हिशेबाने ती अनुक्रमे दरमहा दरडोई सुमारे ७३३ आणि ९८३ रुपये होते.

आता याच्या शेजारी दुसरा सरकारी आकडा ठेवावा. सुरेश तेंडुलकर यांच्या समितीच्या पद्धतीने नियोजन आयोगाने २०११-१२ सालासाठी महाराष्ट्राची जी दारिद्र्यरेषा काढली, ती ग्रामीण भागात दरमहा दरडोई ९६७ रुपये व शहरी भागात १,१२६ रुपये होती. तिच्या खाली ग्रामीण महाराष्ट्रातील २४.२२ टक्के लोक होते. अन्नसुरक्षा कायद्याखाली मात्र राज्याच्या ग्रामीण लोकसंख्येपैकी ७६.३२ टक्के लोकांना धान्य देण्याचे ठरले. म्हणजे एका खात्याच्या हिशेबाप्रमाणे शंभरांतील चोवीस माणसे ९६७ रुपयांच्या खाली खर्च करीत होती, आणि दुसऱ्या खात्याच्या अटीप्रमाणे शंभरांतील शहात्तर माणसांचे उत्पन्न ७३३ रुपयांच्या आत असावयास हवे होते. खर्च आणि उत्पन्न या भिन्न गोष्टी आहेत आणि काही कुटुंबे उत्पन्नापेक्षा अधिक खर्च कर्जातून भागवितात, हे मान्य केले तरी ही दोन्ही विधाने एकाच वेळी खरी असू शकत नाहीत.

याचा अर्थ धान्य चुकीच्या माणसांना मिळते असा कोणी काढू नये. कायद्याचा हेतूच व्याप्ती मोठी ठेवण्याचा होता आणि तो योग्य होता. चूक आहे ती मर्यादेच्या आकड्यात. ती इतकी खाली ठेवली गेली की, प्रामाणिक माणसालाही खोटा आकडा लिहिणे भाग पडावे. दुसरी गोष्ट अशी की, किती जणांना धान्य मिळणार हे गरिबांची मोजदाद करून ठरत नाही. ते वरून आलेल्या इष्टांकावर ठरते, आणि तो इष्टांक २०११ च्या जनगणनेवर बसविलेला आहे. २०२१ ची जनगणना वेळेवर झाली नाही. त्यामुळे त्यानंतर वेगळ्या झालेल्या घराला, नव्या सुनेला, नव्या बाळाला 'इष्टांक संपला' हे उत्तर ऐकावे लागते. तात्पर्य, शिधापत्रिकांची संख्या वाटपाची मर्यादा सांगते. तिच्यावरून गरिबी वाढली किंवा घटली असे अनुमान काढणे व्यर्थ होय.

प्रश्न बदलला की उत्तर बदलते

मग खरी मोजदाद कोठे शोधावयाची? या प्रश्नाचा ऊहापोह करण्यात महाराष्ट्रात काम केलेल्या विचारवंतांचा वाटा मोठा आहे. दादाभाई नौरोजींनी एकोणिसाव्या शतकात सरकारच्याच कागदपत्रांतून हिंदी माणसाचे सरासरी वार्षिक उत्पन्न वीस रुपयांच्या आसपास असल्याचे दाखवून राज्यकर्त्यांना निरुत्तर केले. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीळकंठ रथ यांनी १९७१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात १९६०-६१ च्या किमतींनुसार ग्रामीण भागात दरमहा १५ रुपये व शहरी भागात साडेबावीस रुपये ही किमान गरज मानली, आणि तेवढाही खर्च न परवडणारे लोक ग्रामीण भागात सुमारे ४० टक्के व शहरांत सुमारे ५० टक्के असल्याचा निष्कर्ष मांडला. त्यावर वाद पुष्कळ झाले. परंतु रेषा कोठे ओढली आणि का ओढली, हे त्यांनी उघड करून ठेवले होते. वाद घालणाऱ्याला त्यांचा हिशेब तपासता येत होता.

या सर्व हिशेबांचा आधार म्हणजे १९५० साली प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या प्रेरणेने सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी. तिच्यासारखी पाहणी त्या काळी जगात क्वचितच होती. परंतु उत्तम पाहणीतही प्रश्न विचारण्याची रीत बदलली की उत्तर बदलते. १९९३-९४ मध्ये देशातील ३६ टक्के लोक गरीब ठरले होते, ते १९९९-२००० च्या पाहणीत २६ टक्के ठरले. मात्र या दुसऱ्या पाहणीत अन्नावरील खर्च एकाच वेळी मागील सात दिवसांचा आणि मागील तीस दिवसांचा असा दोन्ही प्रकारे विचारला गेला होता. त्यामुळे खरी घट किती आणि प्रश्नपत्रिकेने केलेली किती, यावर अर्थशास्त्रज्ञांत प्रदीर्घ चर्चा झडली. २०११-१२ च्या एकाच पाहणीतून तेंडुलकर पद्धतीने २१.९ टक्के, तर रंगराजन समितीच्या पद्धतीने २९.५ टक्के लोक गरीब निघाले. रेषा थोडी सरकली आणि नऊ कोटींहून अधिक माणसे गरीब ठरली.

२०१७-१८ ची पाहणी पूर्ण झाली, पण तिच्या गुणवत्तेचे कारण देऊन सरकारने २०१९ साली ती प्रसिद्ध न करण्याचा निर्णय घेतला. पुढची पाहणी २०२२-२३ मध्ये झाली आणि २०२४ मध्ये बाहेर आली. म्हणजे नोटाबंदी, वस्तू व सेवा कर आणि महासाथ या तीन मोठ्या घटना ज्या दशकात घडल्या, त्या दशकात सामान्य कुटुंबाच्या खर्चाचा प्रसिद्ध झालेला अधिकृत हिशेबच नव्हता. २०२२-२३ च्या पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातील सरासरी दरडोई मासिक खर्च ३,७७३ रुपये निघाला. तळाच्या पाच टक्के लोकांचा मात्र तो १,३७३ रुपये होता. शिवाय या वेळी एकाऐवजी तीन भेटींत माहिती घेतली गेली, म्हणून २०११-१२ शी तिची थेट तुलना करताना सावध राहावे लागते.

सरासरीत हरवलेला खानदेश

ही झाली देशाची कथा. खानदेशचा प्रश्न आणखी निराळा आहे. नमुना पाहणीचे आकडे प्रामुख्याने राज्याच्या पातळीवर विश्वासार्ह असावेत अशा बेताने नमुना निवडला जात असे. राज्याच्या खाली गेले तर जळगाव, धुळे, नंदुरबार आणि नाशिक हे जिल्हे मिळून 'अंतर्गत उत्तर' असा एक विभाग होतो. नाशिकचे द्राक्षबागाईतदार आणि कारखान्यांतील कायम कामगार, रावेर-यावलचा केळीचा पट्टा, शिंदखेड्याचे कोरडवाहू शेतकरी आणि सातपुड्यातील भिल्ल-पावरा कुटुंबे यांची एकच सरासरी काढून जे हाती येते, त्यात यांपैकी कोणाचेच जीवन दिसत नाही.

१ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार वेगळा झाला. २००१ पूर्वीच्या जनगणनांतील 'धुळे' आणि नंतरचे 'धुळे' हे दोन भिन्न प्रदेश आहेत. सर्वांत दुर्गम व सर्वांत गरीब तालुके वेगळे निघाले की उरलेल्या जिल्ह्याची सरासरी आपोआप सुधारते. त्यासाठी एकाही मजुराची मजुरी वाढावी लागत नाही. जुन्या आणि नव्या आकड्यांची तुलना करून प्रगतीचा निष्कर्ष काढणाऱ्यांनी ही साधी बाब ध्यानात घ्यावयास हवी.

पाहणीची वेळही महत्त्वाची असते. खानदेशात कापूस वेचणीच्या दिवसांत घरातील चार हात कामाला असतात. चैत्र-वैशाखात त्याच घरात काम नसते. सालदाराचे वर्ष आखाजीला सुरू होते आणि त्याची बरीचशी कमाई उचल म्हणून आधीच घेतलेली व खर्चलेली असते. ऊसतोडीला जाणारे जोडपे दिवाळीनंतर गाव सोडते. त्या काळात प्रगणक दारात आला तर त्याला कुलूप दिसते आणि तो नमुन्यातील पर्यायी घराकडे वळतो. नियमाप्रमाणे त्याचे काही चुकत नाही. तरीही सर्वांत फिरस्ते आणि सर्वांत निर्धन कुटुंबच पाहणीतून निसटून जाते.

अलीकडे नीती आयोगाने बहुआयामी दारिद्र्याचा निर्देशांक काढला, आणि तो कुटुंब आरोग्य पाहणीवर आधारलेला असल्याने त्यात जिल्हावार आकडे मिळतात. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पहिल्या अहवालात नंदुरबार जिल्ह्यातील निम्म्याहून अधिक लोक या अर्थाने गरीब ठरले. २०१९-२१ च्या पाहणीवरील पुढच्या अहवालात महाराष्ट्राचे प्रमाण ७.८१ टक्क्यांवर आले. हा निर्देशांक उपयुक्त आहे, परंतु तो काय मोजतो हे पाहिले पाहिजे. पोषण, शाळा, शौचालय, स्वयंपाकाचे इंधन, वीज, घर, बँकेतील खाते अशा बारा बाबी त्यात आहेत. मजुरी किती, कर्ज किती, वर्षातील किती दिवस काम मिळाले, या गोष्टी त्यात नाहीत. बँकेत खाते उघडले की एक उणीव दूर झाल्याची नोंद होते. त्या खात्यात शिल्लक काय, हे तो निर्देशांक विचारीत नाही.

जळगावच्या निर्देशांकाची कहाणी

असे असूनही खानदेशात मजुराचा जमाखर्च मांडण्याची परंपराच नव्हती असे समजणे चूक ठरेल. जळगावची खानदेश मिल, अमळनेरची प्रताप मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल आणि चाळीसगावची लक्ष्मीनारायण मिल यांच्या भोंग्यावर जेव्हा या गावांचे दिवस उगवत होते, तेव्हा कामगाराच्या महागाईचा प्रश्न इतका जिवंत होता की, ऑगस्ट १९३९ हा पाया धरून जळगावच्या कामगारवर्गासाठी स्वतंत्र निर्वाह-खर्च निर्देशांक काढला जात असे. पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धात कामगार कुटुंबांच्या राहणीची नव्याने पाहणी झाली आणि १९६१ बरोबर १०० हा नवा पाया आला. मुंबई, सोलापूर, नागपूर, पुणे अशा मोजक्या शहरांच्या पंक्तीत जळगावचे नाव होते. धुळ्याला तेवढेही मिळाले नाही.

पुढे काय झाले? गिरण्यांचे भोंगे एकेक करून थांबले. निर्देशांक मात्र त्याच १९६१ च्या पायावर एकविसाव्या शतकातही प्रसिद्ध होत राहिला. ज्या कामगाराच्या घरात जाऊन धान्य, रॉकेल, कापडचोपड, पान-तंबाखू यांचा हिशेब घेतला गेला होता, तो कामगार निवृत्त झाला, त्याची गिरणी गेली, त्याचा नातू डाळ मिलमध्ये, चटईच्या कारखान्यात, यंत्रमागावर वा दुकानात रोजंदारीने लागला. त्या नातवाच्या घरात गॅसची टाकी आली, मोबाइलचा रिचार्ज आला, मुलाच्या शिकवणीची फी आली, खाजगी दवाखान्याचे बिल आले आणि आठवड्याचा हप्ता आला. सहा दशकांपूर्वीच्या टोपलीत या वस्तू असणे शक्यच नव्हते. केंद्र सरकारच्या औद्योगिक कामगारांसाठीच्या २०१६ च्या पायावरील निर्देशांकात देशभरची ८८ केंद्रे आहेत. त्यांत नाशिक आहे, सोलापूर आहे, जळगाव-धुळे नाही. त्या मालिकेत अन्नाचा भार ४६.२ वरून ३९.१७ असा कमी झाला. खानदेशातील रोजंदारी मजुराच्या घरातही अन्नावरचा खर्च तेवढाच उतरला आहे काय, हे सांगण्यास कोणाजवळ पुरावा नाही.

हा केवळ विद्वानांच्या कुतूहलाचा विषय नव्हे. महागाई भत्ता आणि किमान वेतनावरील विशेष भत्ता निर्देशांकाला बांधलेले असतात. निर्देशांक चुकला तर मजुराचे पैसे जातात. मुंबईत १९६३ साली नेमके हेच घडले. निर्देशांक वाढती महागाई दाखवीत नाही म्हणून कामगार रस्त्यावर उतरले, राज्य सरकारला प्रा. डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमावी लागली आणि तिच्या शिफारशीनुसार निर्देशांकात दुरुस्ती झाली. कामगारांनी आकड्याला प्रश्न विचारला म्हणून तो आकडा सुधारला. आज खानदेशात संघटित कामगार थोडे उरले आहेत आणि असंघटितांच्या वतीने असा प्रश्न कोणी विचारीत नाही.

शेतकरी कुटुंबांविषयीही हेच म्हणावे लागेल. २०१८-१९ च्या देशव्यापी पाहणीत कृषक कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न १०,२१८ रुपये निघाले. त्यात पिकांपासूनचे ३,७९८ रुपये, तर मजुरी व पगारापासूनचे ४,०६३ रुपये होते. निम्म्या कुटुंबांवर कर्ज होते. म्हणजे ज्याला आपण शेतकरी म्हणतो, त्याच्या घरात पिकापेक्षा मजुरीचा पैसा अधिक येतो. पारोळा-अमळनेरच्या कोरडवाहू पट्ट्यात हे प्रमाण याहून तीव्र असेल असा तर्क करता येतो. परंतु तर्काला सांख्यिकीची जागा देता येत नाही.

करता येण्याजोगे काम

तेव्हा मार्ग कोणता? जानेवारी २०२५ पासून राष्ट्रीय नमुना पाहणीत जिल्हा हा नमुन्याचा मूळ घटक मानण्यास प्रारंभ झाला आहे. हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण नमुना जिल्ह्यावर बेतला म्हणजे जिल्ह्याचा आकडा लगेच भरवशाचा होतो असे नाही. त्यासाठी जिल्ह्यातील घरांची संख्या पुरेशी असावी लागते आणि राज्याच्या अर्थ व सांख्यिकी संचालनालयाने आपला जोडनमुना वेळेवर पुरा करून प्रसिद्ध करावा लागतो. हेच संचालनालय दरवर्षी 'जिल्हा सामाजिक व आर्थिक समालोचन' काढते. त्यात पाऊस, पेरणी, रस्ते, बँका, शाळा या सर्वांचे तक्ते असतात. मजूर कुटुंबाच्या जमाखर्चाचा एक तक्ता त्यात घातला गेला तर त्या पुस्तकाचे मोल कितीतरी वाढेल.

दुसरे काम विद्यापीठ व महाविद्यालयांचे आहे. जळगावात १९९० पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे आणि बहुतेक प्रत्येक तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकविणारे महाविद्यालय आहे. दारिद्र्यरेषेच्या व्याख्या पाठ करणाऱ्या विद्यार्थ्यांनी आपल्याच तालुक्यातील ठरावीक शंभर मजूर कुटुंबांचा हिशेब वर्षातून चार वेळा, म्हणजे पेरणीत, वेचणीत, ऊसतोडीच्या काळात आणि आखाजीच्या सुमारास घेतला, तर पाच वर्षांत खानदेशाजवळ अशी मालिका तयार होईल की जी आज कोणाजवळही नाही. यासाठी मोठे अनुदान लागत नाही. लागते ती शिस्त: कुटुंबांची निवड चिठ्ठ्या टाकून व्हावी, ओळखीपाळखीने नव्हे, खर्चाचा तपशील घर चालविणाऱ्या बाईला विचारावा, उचल आणि हप्ता यांची नोंद स्वतंत्र असावी, स्थलांतरित कुटुंब परतल्यावर त्याच्याकडे पुन्हा जावे, नावे गुप्त ठेवावीत, आणि निष्कर्ष सोयीचे असोत वा नसोत, पद्धतीसह प्रसिद्ध करावेत. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे या पाहणीतून कोणाचे धान्य वाढणार वा तुटणार नाही, ही हमी कुटुंबाला मिळाली पाहिजे. तरच खरी माहिती पुढे येईल.

तोवर वाचकानेही गरिबीचा कोणताही आकडा कानी आला की चार गोष्टी विचाराव्यात. कोणाला विचारले, केव्हा विचारले, काय विचारले आणि कशासाठी विचारले? जागतिक बँकेने २०२५ मध्ये आपली अति दारिद्र्याची रेषा २.१५ डॉलरवरून ३ डॉलरवर नेली, तेव्हा २०२२-२३ सालासाठीचे भारताचे प्रमाण २.३ ऐवजी ५.३ टक्के झाले. वॉशिंग्टनच्या त्या कागदाने खानदेशातील कोणाच्याही चुलीवरचे भांडे भरले नाही की रिकामे झाले नाही. त्या भांड्यात काय शिजते, ते कोणाच्या उसनवारीवर शिजते आणि वैशाखात ते किती दिवस चढत नाही, हे जाणून घ्यावयाचे तर जळगाव-धुळ्याच्या मजुराच्या दारातच जावे लागेल. सहा दशकांपूर्वी जळगावात ते एकदा झाले होते. ते पुन्हा करण्यास आता आणखी उशीर होऊ नये.